टॉवेलाखालचा सौदा

आमच्या आप्पांना ऐकू येत नाही हे सगळ्या घोडनदीला माहीत होतं, फक्त आप्पांना मान्य नव्हतं. हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात, असं त्यांचं म्हणणं. मी लग्न होऊन शिक्रापूरला आले, त्यामुळं बापलेकीचं बोलणं उरलं ते फोनवर, आणि तेही आटत चाललं होतं. मी काहीही सांगावं, तिकडून “बरं, बरं” आणि फोन आईकडं. मागच्या वर्षी मी तापानं फणफणले होते, तेव्हा सांगितलं तरी “बरं, बरं”. असा राग आला म्हणता! रागाच्या पोटात रडूही होतं. मला माझा गप्पिष्ट बाप परत हवा होता, बाकी काही नाही.

कानाच्या मशीनचं नाव काढलं की आप्पा ताटावरून उठायचे. म्हणून मी सरळ थाप मारली, पुण्याला नवा टीव्ही बघायला जाऊ, असा आईकरवी निरोप दिला. ते घोडनदीला एसटीत बसले, मी शिक्रापूरला चढले. त्यांनी माझ्यासाठी खिडकीजवळ टॉवेल टाकून जागा धरली होती.

पुण्यातल्या शोरूमचं काचेचं दार आपोआप उघडलं, तर उघडणारा कुठं गेला म्हणून आप्पा मागं वळून बघायला लागले. आत फरशी झाडणारं एक चपटं यंत्र एकटंच फिरत होतं. त्याला चुकून पाय लागला, तर वाकून त्याच्या पाया पडले. मालिश करणाऱ्या खुर्चीत बसले ते उठेचनात. मीही मग लाज सोडून शेजारच्या खुर्चीत बसले. दोघांनाही हलता हलता हसू आवरेना.

भिंतीएवढा टीव्ही मात्र त्यांना खरंच आवडला. सेल्समननं किंमत सांगायला तोंड उघडलं, तर आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल त्याच्या हातावर टाकला आणि आतून त्याची बोटं धरली. आप्पांचा सगळा जन्म बैलबाजारात गेलेला. तिथं भाव तोंडानं करत नाहीत. टॉवेलाखाली एकमेकांची बोटं दाबायची, बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. तो सेल्समन बिचारा डॉक्टरला नाडी दाखवावी तसा उभा राहिला. इथं एकच भाव असतो, असं तो हिंदीत म्हणाला. चार माणसांत भाव बोलायचा ही काय रीत झाली, म्हणून आप्पा फणकारत बाहेर पडले.

मी हसून हसून बेजार, आणि हसता हसताच डोक्यात उजेड पडला. बाजारात यांना कानांची गरजच पडत नव्हती. मग बहिरेपण मान्य करायचं कशाला?

कानाच्या मशीनचं दुकान तिथून चौथंच. मला ते आधीच माहीत होतं. आप्पांनी पाटी वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला.

“मला ह्याच्यासाठी आणलंस व्हय?”

आता कुठली थाप मारणार! भर रस्त्यात मी बेंबीच्या देठापासून ओरडले, “आप्पा, मला फोनवर तुमच्याशी बोलायचंय. आईशी न्हाई, तुमच्याशी.”

येणारेजाणारे वळून बघायला लागले. आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल सारखा केला आणि ते आत गेले.

आतल्या मुलीनं कान तपासले, शेंगदाण्याएवढं मशीन कानामागं बसवलं आणि कॉम्प्युटरवर काहीतरी जुळवत बसली. आप्पा आमच्याकडं पाठ करून खिडकीतून रस्ता बघत होते. मी तिला हळूच म्हणाले, नुसतं माझं मन राखायला आलेत, घ्यायचे नाहीत ते.

“कोण म्हनतंय न्हाई घेणार?” आप्पा पाठमोरेच म्हणाले.

मुलगी किंमत सांगायला लागली तसं आप्पांनी तिला थांबवलं आणि टॉवेल काढला. परक्या पोरीचा हात कसा धरायचा? म्हणून तो माझ्या हातावर टाकला आणि तिच्या बाजूनं सौदा मी करायचा असं ठरवलं. कोणत्या बोटाचा काय अर्थ, हे त्यांनी मला लहानपणी मांडीवर घेऊन शिकवलेलं. आता कुठलं बोट दाबतात म्हणून मी वाट बघत राहिले.

त्यांनी एकही बोट दाबलं नाही. सगळा हात मुठीत घेतला आणि तसाच धरून ठेवला.

“आता सांग,” ते म्हणाले, “मागल्या वर्षी ताप कशानं आला व्हता तुला?”