खाटीक आणि प्रार्थनाकीटक

लिंबोणीच्या फांदीवर प्रार्थनाकीटकाची मादी नराचं डोकं कुरतडत होती. त्याचं धड अजून हलत होतं. मी वहिनींना हाक मारून दाखवलं. तेवढ्यात खाटीक पक्षी झेपावला, त्यानं मादीला उचललं आणि लिंबोणीच्या काट्यावर आरपार खुपसलं. ती पाय झाडत राहिली. खाटकानं तिचे लचके तोडले, फांदीला चोच पुसली आणि तिथंच बसून बुलबुलाची हुबेहूब नक्कल करत गाऊ लागला. फार गोड गळा!

"दोघंही सारखेच क्रूर," मी म्हणालो.

"नाही भाऊजी, किडा बरा," वहिनी म्हणाल्या. "मारतो, पण गात तरी नाही."

माझा थोरला भाऊ सुरेल भजनं म्हणायचा. गावोगावची बोलावणी यायची त्याला. तो जाऊन दोन वर्षं झाली. वहिनींचं डावं कोपर मात्र त्याच्या हयातीपासून सरळ होत नाही. विहिरीवर पाय घसरला, असं त्या सांगायच्या.

"तुम्ही विहिरीवर पडला नव्हतात ना?" मी विचारलं.



"आपल्या खोल्यांच्या मध्ये एकच भिंत होती, भाऊजी. तुम्हाला ऐकू येत नव्हतं?"

येत होतं.