फाट्यावरच्या पेटीतला आवाज

“हाय, न्हाई, व्हय. हे काय आहे? स्वागताला असली भाषा चालणार नाही,” सर म्हणाले आणि त्यांनी रेकॉर्डिंग थांबवलं.

ऑफिसातली दोघं हसली. माझ्या हातात माईक तसाच राहिला. मी वाक्य पाठ करून गेले होते. आमच्या भागातल्या पाणी-बिस्किटं विकणाऱ्या मशीनमध्ये आमचाच आवाज असावा, असं मला वाटलं होतं. सरांनी शहरातल्या एका बाईचा आवाज मागवला. गोड, घासूनपुसून काढलेला. ‘आपलं मनःपूर्वक स्वागत आहे.’ आमच्या रानात असं कोण बोलतं?

ऑफिस रामनगरात. काम मशीनचं. बेळगावहून रिकामी पेटी यायची. आत थंड करायचं यंत्र, कॅमेरा, माईक, स्पीकर आम्ही बसवायचो. मग पेटी कुठल्या तरी फाट्यावर उभी करायची. जंगल बघायला येणारे लोक गाडी थांबवायचे, मोबाईलने पैसे भरायचे, पाणी-बिस्किटं घ्यायचे. तिथं माणूस नाही. माणूस म्हणजे मी, रामनगरात स्क्रीनसमोर. मशीन अडकली की इथून बंद करून चालू करायची. आतला माल संपला की गाडी पाठवायची. कुणाशी बोलायचं तर इथून बटण दाबून माईकवर बोलायचं, आवाज तिथं पेटीतून यायचा. मला ते काम यायचं. आवडायचंही.

आमच्या कुंभारवाड्याच्या फाट्यावर पेटी लागली, तेव्हा तिथला दगडी कट्टा फोडला. गावच्या लोकांनी दगड वाहून बांधलेला कट्टा. बसची वाट बघत बाया त्यावर बसायच्या. आता तिथं सिमेंटची पायरी, वर पत्रा, मध्ये पेटी. बस कधी येईल त्याचा नेम नाही. बाया पायरीवर बसायला लागल्या. दुसरी सावली होती कुठं?

उन्हाळ्याचे दिवस होते. दुपारी सर माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. स्क्रीनवर पायरीवर तीन बाया दिसत होत्या, शेजारी त्यांनी ठेवलेले फणस. एक गाडी थांबली, काच खाली झाली, वर गेली. गाडी निघून गेली.

“बघितलंस? ह्यांच्यामुळं गिऱ्हाईक उतरत नाही,” सर म्हणाले. “उठव त्यांना. तुझ्या त्या भाषेत सांग. त्यांना तीच कळते.”

स्वागताला माझी भाषा घाण. हाकलायला चालते.

मी माईकला हात लावला नाही. तेवढ्यात मधल्या बाईनं मान वर केली. माझी आत्ती होती. बापाची थोरली बहीण. गुडघा दाखवायला रामनगरच्या डॉक्टरकडं निघालेली.

“बोल ना,” सर मागून म्हणाले.

सरांनी माझ्या खांद्यावरून हात घालून बटण दाबलं.

“ए म्हातारे, ऊठ. मशीनला टेकू नको. चल, लांब हो.”

आत्ती दचकून उठली. गुडघा धरूनच उठली. आवाज कुठून आला ते तिला कळेना. मग तिनं पेटीकडं बघून हात जोडले.

“उठतो बाबा, उठतो. ऊन हाय म्हणून बसलो होतो.”

लोखंडाच्या पेटीपुढं माझ्या आत्तीनं हात जोडले. ऑफिसातली दोघं परत हसली.

मी बटण दाबलं. “आत्ती, मी हाय. बस खाली. कुणाच्या बापाची पायरी न्हाई ती.”

आत्ती पेटीच्या मागं जाऊन बघायला लागली. “कुठं हाईस गं बाय?”

सरांनी माईक ओढून घेतला. “तुझी आत्या आहे? आधी सांगायचंस ना.”

“सांगितलं असतं तर काय केलं असतं? दुसरीच्या आत्तीला उठवलं असतं?”

सरांचा चेहरा बदलला. “खुर्ची दिली की तुम्हा लोकांचं असंच होतं.”

“खुर्ची तुमची हाय. ठेवा. जागा आमच्या गावची हाय.”

मी उठले. कुणी थांबवलं नाही. जाताना स्क्रीनकडं बघितलं. आत्ती परत बसली नव्हती. पेटीपासून लांब, उन्हात उभी होती.

गावी जाऊन तिला भेटले. तिनं मला जवळ घेतलं नाही. चिडली होती.

“माझ्यापायी नोकरी सोडलीस? येडी हाईस काय? त्यांची मशीन. त्यांनी ऊठ म्हटलं, आम्ही उठलो. त्यात काय झालं?”

त्यात काय झालं. सरांचं बोलणं मी सहन केलं असतं एखादवेळ. आत्तीचं हे नाही सहन झालं. ज्यांचा कट्टा फोडला, त्यांनाच वाटतं आपण दुसऱ्याच्या दारात बसलो होतो. आम्हा रानातल्या कुणब्यांना कुणी ऊठ म्हटलं की आमचे गुडघे आधी ऐकतात, डोकं मागनं.

सरांनी निरोप पाठवलाय. माफी माग, कामावर ये. मी उत्तर दिलेलं नाही. ग्रामसभेला जाणार आहे. आत्ती येणार नाही म्हणते. न येऊ दे. मी एकटी उभी राहीन आणि मला बोलता येतं तसंच बोलेन.

ही जागा आमची हाय. पायरीवर बाया बसणार. त्या पेटीतला स्पीकर निघंल, न्हाईतर पेटी निघंल. तिसरं कायबी मी ऐकणार न्हाई.