मीटिंगला न्यायचा गोरा

आमच्या ऑफिसात एक रिवाज होता. मोठ्या क्लायंटकडे जायचं तर सोबत गोरा न्यायचा. दुकानांची, हॉटेलांची आतली सजावट करून देणारी आमची दुबईच्या करामा भागातली छोटी कंपनी. मालक पुण्याचे, त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. डिझाइन मी करायचे, प्रेझेंटेशनही मीच बनवायचे, आणि मीटिंगमध्ये ते वाचून दाखवायला भाऊंनी खास एक इंग्रज ठेवला होता. "अगं, दुबई आहे ही," भाऊ म्हणायचे. "इथे आधी चेहरा बघतात, मग ड्रॉइंग."

माणूस वाईट नव्हता हो. उन्हात साइटवर चार पावलं चालला तरी गाजरासारखा लाल व्हायचा, म्हणून पँट्रीत सगळे त्याला लालतोंड्या म्हणायचे. कुणाची सटकली असेल तर पांढरी पाल. तोंडावर मात्र 'सर', तेही हातातला चहा बाजूला ठेवून. एकदा त्यानं मला सरळच विचारलं, हे लोक मला काय म्हणतात? मी सांगून टाकलं. गडी पोट धरून हसला, आणि बायकोला फोन लावून तिलाही तो शब्द शिकवत बसला. त्याचं काय बिघडणार होतं? आम्ही पँट्रीत काय वाट्टेल ते म्हणावं, पगार ठरताना पासपोर्ट त्याचाच जड. आमच्या बिल्डिंगच्या आफ्रिकन वॉचमनला आपली माणसं जे म्हणतात, ते त्याला कुणी समजावून सांगितलं असतं तर तो असा हसला असता का, हा विचार मला तेव्हा आला आणि मी तो गिळला.

त्या वर्षी भाऊंनी मला शब्द दिला होता. करामात एका मराठी जोडप्याचं मोठं हॉटेल होणार होतं. ते काम मिळालं की मी डिझाइन हेड. ड्रॉइंगवर माझं नाव, मीटिंगला मी. हे पद मला इतकं हवं होतं की मी आधीच घरी सांगून बसले. "फायनली, आई!" मुलगी म्हणाली.

"भाऊ, माणसं मराठी, जेवण मराठी. तिथे गोरा कशाला?" मी विचारलं.

"असू दे गं. वजन पडतं."

मीटिंगच्या दिवशी अल नहदातल्या घरून निघताना ट्रॅफिकनं जीव खाल्ला, तरी मी वेळेत त्यांच्याकडे पोचले. क्लायंटकाका आणि वहिनी दोघंही कोल्हापूरकडची, मोकळी माणसं. आमच्या गोऱ्यानं माझ्या स्लाइड वाचायला सुरुवात केली आणि दोघं खुर्चीत पुढे सरकली. भाकरी थापायचा ओटा मी दारातून दिसेल असा काढला होता, पण धूर गिऱ्हाइकाच्या अंगावर येणार नाही अशा बेतानं. हात धुवायची जागा आडोशाला, म्हणजे कुणाच्या ताटाशेजारी कुणी चूळ भरणार नाही. तांबड्या-पांढऱ्याची भांडी घेऊन वाढपी फिरणार म्हणून दोन टेबलांत जास्त जागा.

"अगं बाई!" वहिनी म्हणाल्या. "आपलं सगळं कसं कळलं हो या गोऱ्याला?"

"म्हणून तर ते पुढे आहेत," काका म्हणाले.

मला हसावं की रडावं कळेना. ज्या माणसाला भाकरी आणि पिझ्झाच्या बेसमधला फरक सांगता आला नसता, त्याला चूळ भरणं सुचलं! भाऊ तर मान डोलवत होते. तेवढ्यात त्या बिचाऱ्यालाच राहवलं नाही. माझ्याकडे हात करून तो इंग्रजीत स्वच्छ म्हणाला, यातली एकही रेघ माझी नाही, सगळं काम हिचं आहे.

मला वाटलं, झालं एकदाचं, आता कळलं सगळ्यांना.

काकांनी उठून त्याचा हात हातात घेतला. "याला म्हणतात मोठेपणा," ते भाऊंना म्हणाले. "आपल्याकडचा असता तर सगळं क्रेडिट स्वतः लाटलं असतं. मला साइटवर हाच माणूस पाहिजे."

"नाही काका, ते खरंच सांगतायत," मी म्हटलं. "हे डिझाइन माझं आहे. ओटा, बेसिन, सगळं मीच काढलंय."

आवाज चढला नव्हता माझा, शपथ. पण वहिनींचं हसू मावळलं, आणि काका फोन बघायला लागले. भाऊंनी घाईघाईनं कामाच्या तारखांचं विचारलं.

गाडीत बसल्यावर त्यांनी तोंड उघडलं. "क्लायंटसमोर असं मी-मी करायचं असतं का गं?"

"भाऊ, त्यानंही तेच सांगितलं ना?"

"त्याची गोष्ट वेगळी."

काम आम्हाला मिळालं. डिझाइन हेड तो झाला. त्यानं भाऊंना दोनदा सांगून पाहिलं की हे पद तिला द्या, आणि दोन्ही वेळा भाऊंच्या मनात त्याची किंमत वाढली. माझ्या अप्रेझलमध्ये त्यांनी लिहिलं, काम उत्तम, पण नम्रता शिकायला हवी.