पाठ केलेला धडा
शाळेच्या दर्शनी भिंतीवरची 'अ श्रेणी' आज पुन्हा रंगवून घेतली, आणि त्या ऑइल पेंटच्या वासानं मला ती चौथीतली मुलगी आठवली. मानांकनाची तपासणी येणार म्हणून तेव्हा आम्ही दोघं शिक्षक महिनाभर शिकवायचं सोडून भिंतीच रंगवत होतो. अर्धं वर्ष आईबापासोबत ऊसतोडीला जाणाऱ्या त्या पोरीला वाचता येत नव्हतं. शिकवायला वेळ कुठला? मी तिच्याकडून एक धडा पाठ करून घेतला. तपासणीला आलेल्या साहेबांनी भलतंच पान उघडून दिलं, तर तिनं त्या ओळींवरून बोट फिरवत आपला पाठ धडाच घडाघडा म्हटला. साहेब मोबाइलमध्ये बघत "छान वाचते" म्हणाले. दुसऱ्याच दिवशी रस्त्यावर ऊसतोडीचा ट्रॅक्टर उभा राहिला. ती पळत वर्गात आली. "बाई, तपासणी झाली न्हवं? आता खरं वाचायला शिकवताल का?" तेवढ्यात बापानं ट्रॉलीतून हाक मारली, "चल गं, लई उशीर हुतोय!" मी तिच्या हातात ते धड्याचं पुस्तक दिलं. त्याचं कुठलंही पान उघडलं तरी तिला तो एकच धडा म्हणता येत असेल.