एका दमातलं गाणं

सत्तरच्या दशकात मी साताऱ्याच्या एका शाळेत गाणं शिकवत होते. माहेर सांगलीचं, गाण्याच्या परीक्षा तिथेच दिलेल्या, त्यामुळे नाक जरा वरच होतं. मुली छान गायच्या. मुलगे मात्र भिंतीला टेकून दात काढायचे. निम्म्यांचे वडील लष्करात. गाणं म्हणजे बायकी काम, हे पोरं घरूनच शिकून यायची. त्यात सातवी-आठवीत आवाज फुटला की तोंडच उघडायची नाहीत. मी लाडीगोडी लावली, छडीही दाखवली. पालथ्या घड्यावर पाणी.

एका जूनमध्ये कवायतीचे नवे मास्तर आले. पलटणीतून निवृत्त झालेले, माणदेशातल्या मेंढरं राखणाऱ्या घरातले. सारेगम कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं. पंधरा दिवसांत मैदानातून माझ्या मुलग्यांचं गाणं ऐकू आलं. मास्तरांनी इतकंच केलं होतं, की हुतूतू खेळताना 'हुतूतू' म्हणायच्या जागी गाण्याची ओळ म्हणायला लावली. ओळ एका दमात म्हणत गडी मारून परत यायचं. दम तुटला की बाद. दम वाढवायचा म्हणून पोरं घरी जाताना, नळावर रांगेत उभी असतानाही गायला लागली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सहा वर्षं घसा मी कोरडा केला, आणि पोरं गायली त्यांच्यासाठी. झोप उडाली माझी.

शेवटी मी हेडमास्तरांकडे गेले. ओरडून मुलांचे गळे कायमचे बिघडतील, असं ठासून सांगितलं. तसं काही होणार नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं. मैदानावरचं गाणं बंद झालं. मुलगे माझ्या वर्गात आले आणि गप्प बसले.

शनिवारी शाळा सुटल्यावर मास्तर बूट बाहेर काढून गाण्याच्या खोलीत आले.

"बाई, तुमी सांगितलं ते बरं केलंसा," ते म्हणाले. "मला सुरातलं काय कळत न्हाई. आदी मला शिकवा, म्हंजे पोरांचं गळं बिघडायचं न्हाईत."

मी पेटी उघडून सा धरला. त्यांनी तो पहिल्याच खेपेला लावला, खणखणीत, आणि कितीतरी वेळ जराही हलू दिला नाही. इतका स्वच्छ सा माझा कधी लागला नव्हता. खरं सांगून टाकायची वेळ तीच होती.

"थोडा उतरलाय," मी म्हणाले. "पुन्हा लावा."

त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा लावला.