फुटाण्यांची परीक्षा

आमच्या हाडवाल्या डॉक्टरांइतका हौशी बांबूमोड्या अख्ख्या चंद्रपूर-गडचिरोलीत सापडणार नाही. मी त्यांच्याकडे भूल द्यायला जातो, त्यामुळे हे कौतुक फार जवळून पाहिलंय. पोरगं हात मोडून आलं, की त्यांचा पहिला प्रश्न, "कोनत्या झाडावरून?" चारोळीचं झाड म्हटलं की चेहरा खुलतो. आंबा म्हटलं की पडतो. "आंब्यावरून तर कोनीबी पडते!" मग टेबलाखालून बांबूच्या पोकळ कांड्या निघतात आणि नातेवाइकांच्या नाकासमोर कडाकन मोडतात. सुतळी गुंडाळली की ते प्लास्टर, बाहेरून पट्टी बांधली की प्लेट, आणि पोकळीतून सायकलची तार सरकवली की मुलांच्या हाडात घालायची लवचिक तार. कंपाउंडर हल्ली सायकल घरी ठेवून पायी येतो.

दुसरं वेड फुटाण्यांचं. बऱ्या झालेल्या पोराने तळहात पूर्ण उताणा करून फुटाणे झेलायचे. एक जरी सांडला तरी व्यायाम पुन्हा पहिल्यापासून. स्वतः मात्र चहा, प्रसाद, सगळं डाव्या हाताने घेणार. मार्कंड्याच्या देवळात तीर्थासाठी डावा हात पुढे केला म्हणून पुजाऱ्याने झापलं, तर हे हसत तीर्थाशिवायच पुढे गेले. मी त्यांना आडमुठे ठरवून मोकळा झालो.

गेल्या उन्हाळ्यात चारोळीच्या झाडावरून पडलेली अकरा वर्षांची मुलगी आली. कोपराखालची दोन्ही हाडं मोडलेली, प्लास्टरमध्येही सरकलेली. बाप ऑपरेशनला तयार नव्हता. "हाडात तार काऊन घालता? वाकडा जुळला तरी हात राह्यतेच ना!"

डॉक्टरांनी कधी नव्हे ते हातातली कांडी न मोडताच खाली ठेवली. मग म्हणाले, "वाकड्या हातानं कामं होतेत, भाऊ. पन कोनी काही देल्लं तर नीट घेता येत नाई."

बापाने सही केली. तारा घातल्या, हाड जुळल्यावर काढल्या, आणि पोरगी परीक्षेला आली. एकही फुटाणा सांडला नाही! डॉक्टर खुर्चीवरून अक्षरशः उडाले. मग तिने घरून आणलेली चारोळी पुढे केली. यांनी डावा हात पसरला.

"उजवा करा ना," ती म्हणाली.

उजवा हात अर्ध्यात वळून अडकला. वीस वर्षं मी त्या हाताशेजारी उभा होतो, आणि मला दिसलं नव्हतं. फार लाज वाटली.

"तुमी कोनत्या झाडावरून पडले होते?" तिने विचारलं.

"आंब्यावरून," डॉक्टर अगदी हळू म्हणाले. "लहानपनी. तवा गावात हाड बसवनारं कोनी नव्हतं."

"मंग आ करा," ती म्हणाली, आणि मूठभर चारोळी तिने त्यांच्या तोंडात घातली.