आप्पांनी चाकू का ठेवला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच — ती तिकडे हिंगोलीकडच्या गावात, आणि फोनवर असलं काही सांगता येतं का? तुम्हाला सांगते. लिहूनच सांगते.

आधी आप्पांबद्दल, आमच्या नर्सरीच्या मालकांबद्दल सांगू द्या. तेवढं मला अभिमानानं सांगता येतं. चौक गावाला, जुन्या हायवेच्या कडेला, एका गॅरेजच्या कुंपणाला टेकवून त्यांनी आंब्याची वीस-पंचवीस रोपं विकायला ठेवली होती. तिथून आमची नर्सरी उभी राहिली. आज कळंबच्या कितीतरी रिसॉर्टांत आमची झाडं आहेत. आणि हा एवढा माणूस रोज सकाळी आधी आपल्या दोन्ही मुलींच्या वेण्या घालायचा, मग कामावर यायचा — काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, शाळेत शिकवायला लवकर जायच्या ना. मी सातवीत शाळा सोडलेली, नवऱ्यामागं इतक्या लांब आलेली, सारखी घाबरलेली. आज कामावरून काढतील, उद्या काढतील. मला त्यांनी कलम बांधायला शिकवलं. पट्टी गुंडाळताना म्हणायचे, "वेनी घालतेस तशी बांध गं. घट्ट, पन पोरगी रडली नाय पायजे."

त्यांनी बांधलेलं कलम क्वचितच मरायचं. लोक मागायचेच तसं — आप्पांच्या हातचं द्या.

तर — त्या काड्या. गावठी आंब्याच्या रोपावर चांगल्या जातीची कोवळी काडी बांधायची, म्हणजे कलम होतं. आमचं केसरचं जुनं झाड कशेळ्याला. एका पावसाळ्यात आप्पांनी मला तिथून काड्या आणायला पाठवलं. एकटीला, पहिल्यांदाच. येताना जुडी जीपच्या टपावर ठेवली, कर्जतला उतरले, आणि चौकची एसटी पकडायच्या घाईत — विसरले. जीप गेली. परत कशेळ्याला जाता आलं असतं? आलं असतं. पण मग काय घडलं ते सांगावं लागलं असतं. पिशवीत कात्री होती. रस्त्याकडेच्या एका रायवळ, गावठी आंब्याच्या काड्या कापल्या, पानं छाटली, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या.

आप्पांनी एक काडी बोटांत फिरवली. "ह्या जरा येगळ्या दिसतात गं?"

"वरच्या फांदीच्या आहेत, आप्पा."

त्यांनी मान हलवली. आणि ती सगळी कलमं स्वतःच्या हातानं बांधली.

आंब्याची जात फळ धरल्यावरच कळते. चार वर्षांनी कळंबचा एक शेतकरी पिशवीभर आंबे घेऊन आला. "आप्पा, ह्ये तुमचं केसर. खाऊन दाखवा!" आप्पांनी खाल्ला. एवढा आंबट की डोळे मिटले, तरी हसले. "लोनचं झ्याक होईल रं, वहिनीला सांग." तो गेल्यावर मात्र हसले नाहीत. त्या वर्षी ज्यांनी ज्यांनी कलमं नेली होती, त्या प्रत्येकाच्या दारी गेले. नवी कलमं दिली, हात जोडले. मी टेंपोत मागं बसून बघत होते. तेव्हा तरी बोलायला काय झालं होतं मला?

"जुडी मीच बदलली असनार. नजर गेली माझी," म्हणाले. डॉक्टरांनी डोळे चांगले आहेत म्हणून सांगितलं, ते त्यांना पटलं नाही. कलमाचा चाकू कायमचा माझ्या हातात दिला. मोठ्या मनाचा माणूस, वेळेवर बाजूला झाला, परक्या मुलखातल्या बाईला पुढं केलं — सगळे असंच म्हणतात. ते गेल्यावर शोकसभेत मीही हेच बोलले. लोकांनी डोळे पुसले.

त्यांच्या शेवटच्या पावसाळ्यात ते माझ्याशेजारी स्टुलावर बसले होते. एकदम चाकू उचलला आणि एका काडीला काप दिला. सरळ, स्वच्छ. मला अजून तसा जमत नाही. मग काडी माझ्यापुढं धरली.

"बघ गं, बराबर हाय का? मला आता भरवसा नाय."

बरोबर होता. मी तेवढंच म्हणायला हवं होतं.

मी ती काडी बाजूला ठेवली, त्यांच्या हातातून चाकू घेतला आणि दुसरी कापली.